पुस्तकातल्या माणसांचं घर कशावर चालतं?

पिग्मीताई (इचलकरंजी)

नमस्कार मंडळी. प्रश्न अगदी शेवटी आहे. ज्यांना घाई असेल त्यांनी थेट खाली जावं, मी रागावणार नाही.

मी एका पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे लोकांची रोजची छोटी बचत, गोळा करते. सकाळी मंडई, दुपारी यंत्रमागाच्या पट्ट्यातले चहाचे गाडे, सायकलवाले, इस्त्रीवाले, संध्याकाळी गल्लीतल्या बायका. मंडईत रोज वीस रुपये भरणारी कोथिंबीरवाली आहे आणि रोज पाचशे भरणारा भुसार दुकानदारही आहे. मशीनमधून दोघांना सारखीच चिठ्ठी निघते. इतकी वर्षं हेच केल्यावर माणूस समोर आला की डोक्यात आधी एकच येतं, याचं घर कशावर चालतं? कमावतं कोण, खातं कोण, थकलंय किती? कुणाच्या घरी नवी सून आली तर तिचा चेहरा नंतर बघते, आधी अंदाज घेते की सासू आता वीसाचे तीस करणार की दहा. धंद्याचा रोग, दुसरं काय.

हा रोग आता वाचनात शिरलाय. परवा वाचनालयातून एक नवी कादंबरी आणली, नाव सांगत नाही, लेखक तरुण आहे, उगाच कशाला. पुण्यातला आयटीतला मुलगा. कंटाळतो, राजीनामा देतो, हिमाचलात जाऊन राहतो. बाणेरला याचा फ्लॅट आहे, हे लेखकानेच पहिल्या प्रकरणात सांगितलंय. मी वाचतेय, वाचतेय, निम्मं पुस्तक झालं तरी हप्ता कोण भरतंय ते कळेना. बायको भरते का? बापाने जमीन विकली का? काही नाही. शेवटी त्याला नदीकाठी शांती मिळते. मिळणारच. बँकेची नोटीस आली नाही म्हटल्यावर कुणालाही मिळेल.

याच्या अगदी उलट विष्णुभट गोडसे. ‘माझा प्रवास’ मी सत्तावनचं बंड आणि झाशीची राणी यांच्यासाठी हातात घेतलं होतं. पण पहिल्या काही पानांतच कळलं की हा आपला माणूस. पेणजवळच्या वरसईचा भिक्षुक, घरावर कर्ज. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार अशी बातमी येते आणि हा काकाला घेऊन निघतो. वडील सोडायला तयार नाहीत. कारण काय, तर उत्तरेत लोक भांग पितात आणि तिकडच्या बायका परक्या पुरुषाला भुलवून ठेवतात! कर्ज फेडायला पोरगा परमुलखात चाललाय आणि घरच्यांना काळजी भांगेची. आमच्या गल्लीतून पोरं दुबईला वेल्डिंगच्या कामाला जातात, त्यांच्या आया अजून हेच बोलतात, फक्त भांगेच्या जागी दुसरं नाव घेतात.

आणि निघायची वेळ कुठली साधावी, तर १८५७. यज्ञ राहिला बाजूला, भटजी बंडाच्या मधोमध. झाशीत राणीच्या आश्रयाला थोडे दिवस बरे जातात, धर्मकृत्यं होतात, हाताला काही लागतं. मग इंग्रजांचा वेढा पडतो, शहर पडतं आणि लूट सुरू होते. ते वर्णन वाचताना मी हातातली कामं टाकून बसले होते. लूटही कशी क्रमाने होते बघा. आधी सोनं, रुपं, रोकड. ते संपलं की तांब्यापितळेची भांडी. मग कपडालत्ता. शेवटी धान्य. एका टोळीने ज्याला हात लावला नाही ते पुढची नेते. राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची वाट लागली ते सांगताना भटजी फार हळहळतो. पण माझं मन अडकलं ते धान्यापाशी. घरातलं धान्य नेलं म्हणजे मागे राहिलेल्याला आजची भाकरीसुद्धा ठेवली नाही.

पुढे काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी त्याला राणी भेटते. पठाणी वेष, अंगावर धूळ, तहानेने जीव कासावीस. भटजी पाणी काढायला पुढे होतो तर ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढते. आणि बोलता बोलता म्हणते की मी अर्ध्या शेर तांदळाची धनीण, मला या उद्योगात पडायची काही गरज नव्हती. अर्धा शेर तांदूळ! एकट्या विधवा बाईला लागतं किती, तर एवढं. पुतळे, पोवाडे, सिनेमे, शाळेतली कविता, सगळं माझं बघून ऐकून झालंय. राणी बाई म्हणून मला दिसली ती त्या अर्ध्या शेरात. जिला स्वतःचा किमान खर्च पाठ आहे अशी बाई. तो आकडा तिला सांगता आला म्हणून तिने काय सोडलं तेही मला मोजता आलं.

भटजी शेवटी घरी येतो तो गंगेची कावड घेऊन. आईवडिलांना गंगाजलाने स्नान घालतो. कमावलेलं बरंचसं वाटेतच गेलेलं. व्यवहारात बसलेला माणूस याला तोटाच म्हणेल. आईवडील तसं म्हणत नाहीत, आणि मलाही म्हणवलं नाही.

मग मुलाने आग्रह केला म्हणून भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’. आता मार खायची तयारी ठेवून सांगते, पांडुरंग सांगवीकर मला फारसा रुचला नाही. सगळे म्हणतात त्याचं तुटलेपण बघ. मी बघितलं. पण त्याच्या आधी मला खानदेशातून पैसे पाठवणारा बाप दिसत राहिला. तो बाप काही भला माणूस नाही, कडक आहे, ते सगळं खरं. तरी मनिऑर्डर वेळेवर येते ना? वसतिगृहाच्या मेसचा सेक्रेटरी होऊन पांडुरंग खड्ड्यात जातो ते प्रकरण मात्र एक नंबर. मेस चालवलेल्या माणसाला ते वाचून हसावं की रडावं कळणार नाही. पंगतीला सगळे, आकडा एकाच्या अंगावर. १९६३ सालची कादंबरी, पण भिशीचा प्रमुख झालेल्या कुठल्याही बाईला विचारा, ती हेच सांगेल. त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणाच्या पानांवर मात्र मी गप्प झाले. तिथे हिशोबाचं काही बोलू नये.

आणि सदानंद देशमुखांची ‘बारोमास’. ही मला मध्येच ठेवून द्यावी लागली, पुढे कधीतरी धीर करून पुरी केली. वाईट आहे म्हणून नव्हे. एकनाथ शिकलेला आहे, शेतकऱ्याचा मुलगा आहे, नोकरी नाही. का नाही, तर संस्थाचालकाला द्यायला पैसे नाहीत. माझ्या भाच्याला एका संस्थेने शिक्षकाच्या जागेसाठी असाच आकडा सांगितला होता. चहा-बिस्किटं देऊन सांगितला. एवढ्या गोड आवाजात मी कधी कुणाला थकबाकी सांगितलेली नाही. तो आकडा ऐकून मेहुण्यांनी शेताकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर या पुस्तकात पानोपानी आहे. एकनाथची बायको अलका सोडून जाते म्हणून वाचणारे तिला नावं ठेवतात. मी नाही ठेवत. लग्न करताना तिला जे सांगितलं गेलं आणि घरात आल्यावर जे निघालं त्यात केवढी तफावत होती, ते बघा आधी.

तर प्रश्न असा. कादंबरी असो, आत्मचरित्र असो, प्रवास असो, ज्यात माणसं कशावर जगतात हे न लाजता सांगितलंय अशी पुस्तकं सुचवा. श्रीमंत व्हा, गुंतवणूक करा छापाची नकोत, ती आमच्या मॅनेजरच्या टेबलावर आहेत आणि त्यांचा परिणाम काही दिसत नाही. आणि तुम्ही स्वतः वाचताना काय शोधता तेही सांगा. सगळ्यांनाच आपापल्या धंद्याचा असा रोग असतो का, की मीच एकटी?

संत्रावाला (वरूड)

ताई, एकट्या नाही तुम्ही. ‘धग’ वाचजा. उद्धव शेळके, १९६०. आमच्या वऱ्हाडातली आहे, बोलणं सगळं वऱ्हाडी, पहिली थोडी पानं अडखळाल, मग कानात बसते.

कौतिक नावाची बाई आहे. नवरा महादेव, शिंपी. हुशारी नाही, उभारी नाही, त्यात पुढे महारोग. लेकरं पदरात. ती बाई जे ओढते ना संसार, तुमच्या भाषेत सांगायचं तर एकही दिवस पिग्मी चुकवत नाही आणि शेवटी खात्यात काहीच उरत नाही. माझी आई कापूस वेचायला जायची. संध्याकाळी काट्यावर गाठोडं चढलं की ती काट्याकडे नाही, मालकाच्या बोटाकडे बघायची. बोट कुठे टेकतंय ते. ‘धग’ वाचताना मला तिची ती नजर आठवत होती.

फक्त एक सांगतो, रात्री झोपायच्या आधी वाचू नका.

भाऊसाहेब (निवृत्त)

तलाठी म्हणून उभी हयात गेली, त्यामुळे मला दुसरं काय सुचणार? त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’. १९१५ साली आला. आत्रे स्वतः महसूल खात्यातले, गावोगाव हिंडलेले. कादंबरी नाही, पण तुमचा जो प्रश्न आहे त्याचं एवढं सविस्तर उत्तर मराठीत दुसऱ्या कुणी दिलेलं माझ्या पाहण्यात नाही. गावात कोण काय काम करतो आणि त्याबद्दल त्याला काय मिळतं, एवढाच विषय. सुतार, लोहार, चांभार, महार, कुंभार, न्हावी, परीट. थोरली ओळ, मधली ओळ, धाकटी ओळ. ज्याची कुणब्याला गरज जास्त त्याची ओळ वरची, त्याचा वाटा मोठा. रोख पैसा जवळजवळ नाहीच. खळ्यावर रास पडली की हक्कदार येऊन उभे राहतात. रास घरी येईपर्यंत कुणब्याच्या हाती काय राहतं हे आत्रे एखाद्या कारकुनाच्या चिकाटीने दाखवतात.

मी नोकरीला लागलो तेव्हा बलुतं, म्हणजे कामाबद्दल धान्याचा वाटा द्यायची ही पद्धत, कागदावर संपलेलं होतं. पण पीकपाहणीला गेलो की म्हातारे लोक बोट दाखवून सांगायचे, हा तुकडा गुरवाचा, तो कोळ्याचा. सातबाऱ्यावरची इनामाची जुनी नोंद वाचायची असेल तर हे पुस्तक वाचल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही. आमच्या खात्याच्या परीक्षेला हे लावायला हवं होतं.

एक सावध करून ठेवतो. फिरस्त्यांवर, म्हणजे गावोगाव हिंडणाऱ्या जमातींवर आत्र्यांनी जे लिहिलंय ते आज टोचतं. साहेबाच्या चष्म्यातून बघितल्यासारखं आहे. त्या लोकांचं घर कशावर चालतं हे मात्र त्यांना कधी विचारावंसं वाटलं नाही. ती बाजू कळायला लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ लगेच पाठोपाठ वाचा. कैकाडी समाजातला मुलगा, गाढवांच्या पाठीवर संसार, टोपल्या विणणारे आईबाप. १९८० सालचं पुस्तक. आत्रे गावाच्या चावडीत बसून लिहितात, माने गावाबाहेरच्या पालातून.

मिलिंद_एडिसन

पिग्मीताई, लेखन फार आवडलं, पण मला हे पटत नाही. प्रत्येक पुस्तकाला जमाखर्च लावायला लागलो तर वाचायचं काय राहील? त्या हिमाचलवाल्याचा हप्ता कोण भरतं हा प्रश्न वाजवी आहे, पण तो वाईट लेखकाला विचारायचा प्रश्न आहे. चांगला लेखक तो प्रश्न डोक्यात येऊच देत नाही.

उदाहरण देतो. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’, १९३९. मी दर एकदोन वर्षांनी काढतो. युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेली बोट. त्यावर हिटलरच्या जर्मनीतून सुटलेले ज्यू. प्रेमात एकदा हात पोळलेला चक्रधर आणि हॅर्टा. मुंबई आली की तो उतरणार, ती पुढे जाणार. एवढंच. चक्रधर काय कमावतो, बोटीचं तिकीट केवढ्याला, याने काय फरक पडतो? मुंबईचा किनारा जवळ येतोय एवढ्याने जीव गोळा होतो. मी स्वतः इथे अमेरिकेत पंचवीस वर्षं काढली, जाताना-येताना विमानतळावर निरोप घेतले, मला त्या पुस्तकात तिकिटाची किंमत कधी दिसली नाही.

बाजारबुणगा

ताई, आमच्या गल्लीत पिग्मीवाला आला की मी ‘रणांगण’ उघडून बसतो. म्हणजे त्याला वाटतं माणूस दुःखात आहे, उद्या येऊ.

पोथीवाचक (पुणे ३०)

दोन गोष्टी.

पहिली, ‘माझा प्रवास’ वाचणाऱ्या सगळ्यांसाठी. हातात कुठली आवृत्ती आहे ते बघा. गोडसे भटजींनी हे लिहिलं ते इतिहासकार चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून. वैद्यांनी ते १९०७ साली छापलं, पण भटजींच्या मजकुरावर हात फिरवून. सरकारचा रोष नको म्हणून काही जपलं, भाषाही साफसूफ केली. मूळ हस्तलिखितावरून छापलेली प्रत आली ती दत्तो वामन पोतदारांनी संपादित केलेली, १९६६ साली. बाजारात आणि वाचनालयांत बऱ्याचदा वैद्यांचीच परंपरा असलेल्या आवृत्त्या दिसतात. पिग्मीताईंना हिशोबात रस आहे तर त्यांनी पोतदारांची प्रत मिळवावीच. भटजी स्वतःच्या बोलण्यात कसा येतो ते तिथे कळतं. भिक्षुकाची भाषा आहे, धापा टाकत चालणारी, मध्येच व्यवहार, मध्येच देवदर्शन.

दुसरी, मिलिंदराव तुमच्यासाठी. ‘रणांगण’ मीही जपून ठेवलेलं पुस्तक आहे. पण त्या बोटीवर पैशाचा प्रश्न नाही असं कसं म्हणता? त्या काळात जर्मनीतून बाहेर पडणाऱ्या ज्यूंना सोबत फक्त दहा मार्क रोख नेऊ देत असत. घर, दुकान, ठेवी, सगळ्यावर कर लावून, जप्ती आणून काढून घेतलेलं. डॉक्टर, व्यापारी, प्राध्यापक अशी बोटीवर चढलेली माणसं. काल ज्यांच्या सह्यांनी चेक वटत होते त्यांच्या खिशात दहा मार्क. चक्रधरच्या हातात उतरायला एक देश आहे, हॅर्टाच्या हातात नाही, हा फरक नुसता भावनेचा नाही.

मिलिंद_एडिसन

दहा मार्कांचं माहीत होतं, पण बेडेकरांनी ते पुढे केलेलं नाही, हा माझा मुद्दा. त्यांनी माणसं दाखवली. मला तेवढं पुरतं.

पिग्मीताई (इचलकरंजी)

बापरे, एवढी उत्तरं! कालपासून चिठ्ठ्या फाडत फाडत वाचतेय.

वरूडकर, ‘धग’ आणली. झोपायच्या आधी वाचू नका म्हणालात, मी दुपारी वाचायला घेतली, तरी संध्याकाळच्या फेरीत कुणाशी धड बोलता आलं नाही. नवरा शिंपी आहे हे कळल्यावर तर जास्तच. माझ्या खातेदारांत शिलाईवाल्या बायका खूप आहेत. पिको-फॉल करणाऱ्या, ब्लाउज शिवणाऱ्या. मशीन घरात कुणाच्या नावावर आहे आणि पायडल कोण मारतं यावरून मला त्या घरातलं निम्मं कळतं. शेळक्यांना ते माहीत आहे. बोटाकडे बघणारी तुमची आई मात्र माझ्या डोक्यातून जात नाही.

मिलिंदराव, भांडण नाही. ‘रणांगण’ मी कॉलेजात असताना वाचली होती, रडलेही होते. पण तुम्ही म्हणता चांगला लेखक प्रश्न डोक्यात येऊ देत नाही, तिथे माझं थोडं वेगळं आहे. त्या बोटीवरच्या माणसांच्या बाबतीत मला प्रश्न पडला नाही, कारण त्यांचं सगळं गेलेलं आहे हे पहिल्यापासून कळतं. खातं बंद झालेल्या माणसाला मी शिल्लक विचारत नाही. माझा राग आहे तो ज्यांचं खातं भरलेलं आहे आणि लेखक ते लपवतो त्यांच्यावर. हिमाचलवाल्याने एकदा सांगून टाकलं असतं की बापाची कोथरूडला दोन दुकानं आहेत, भाडं येतं, तर मीही त्याच्याबरोबर डोंगर चढले असते. आणि तुम्ही विमानतळावरच्या निरोपांचं लिहिलंत. पंचवीस वर्षांत किती वेळा यायचं मनात असून तिकिटाकडे बघून राहिलात, हे नाही लिहिलंत. ते लिहा कधीतरी. मी वाचेन.

पोथीवाचक, आवृत्तीचं सांगितलंत ते फार बरं झालं. माझ्या हातात वैद्यांचीच आहे. आमच्या ग्रंथपालांना विचारलं, ते म्हणाले पोतदारांची नाही, मागवून बघू.

बाजारबुणगा, पत्ता पाठवा.

नगरची_मावशी

इतका वेळ कुणीच ‘स्मृतिचित्रे’ म्हणेना म्हणून लिहायला आले. लक्ष्मीबाई टिळक! पिग्मीताई, तुम्ही नक्की वाचलेलं असणार, शाळेत धडा तरी असतोच. पण आता तुमच्या डोळ्यांनी परत वाचा.

नवरा ना. वा. टिळक, कवी, मनाचा राजा, हातात पैसा टिकत नाही. न सांगता घरातून निघून जायची सवय. १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेसुद्धा बायकोला विश्वासात न घेता. लोक या पुस्तकातला विनोद सांगतात, धर्मांतराचं सांगतात. पण घर चालवायची बाई म्हणून वाचलं तर प्रत्येक प्रकरणात एकच चाललंय, आज चूल कशी पेटायची. टिळक वाटेत कुणाला तरी देऊन टाकतात, पाहुणे घेऊन येतात, अनाथ मुलं घरी आणतात, आणि लक्ष्मीबाई डब्यात हात घालून बघतात. आणि मग त्यावर हसतात! कुठेही स्वतःला बिचारी म्हणवून घेत नाहीत. मला वाटतं टिळकांची उदारता जगाला दिसली ती लक्ष्मीबाईंच्या काटकसरीच्या जोरावर, आणि त्यांनी ती एकदाही वसूल केली नाही.

त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचं वर्णन तर घरात मोठ्याने वाचून दाखवायचं. बाहेरून आलेली जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, असा तो कहर. तुम्ही विचारलंय ना, वाचताना काय शोधता? मी खानावळ चालवली आहे, मी पुस्तकात जेवायला किती पानं पडली ते बघते. आणि वाढणारी बाई शेवटी जेवली का तेही. फार थोड्या पुस्तकांत जेवते.

अभि_कंत्राटदार (नागपूर)

मी बांधकामात आहे, म्हणून माझं दैवत नंदा खरे. स्वतः सिव्हिल इंजिनियर, धंदा केलेला माणूस, त्यामुळे कामगार, सिमेंट, टेंडर हे त्यांच्या लेखनात पाहुणे म्हणून येत नाहीत, घरचे म्हणून येतात.

गोडसे भटजी आवडला असेल तर ‘अंताजीची बखर’ घ्या. अंताजी काल्पनिक आहे, काळ भटजीच्या शंभरेक वर्षं आधीचा, नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्या आणि पलाशीची लढाई. इतिहासातले मोठे लोक राज्यं जिंकत-हरत असतात आणि हा पोटार्थी माणूस खालून सगळं बघतो. पगार मिळाला का, लुटीतला वाटा कुणाला, घोडा कुणाच्या मालकीचा. शाळेत शिकलेला मराठ्यांचा इतिहास मला पहिल्यांदा हिशोबासकट दिसला तो तिथे. नंतरची ‘बखर अंतकाळाची’ त्याच माणसाला पेशवाईच्या शेवटापर्यंत आणते.

मग ‘उद्या’. २०१४ सालची. पुढच्या काळातली गोष्ट आहे, प्रत्येकाच्या प्रत्येक व्यवहारावर कुणाची तरी नजर. तुम्ही पिग्मी मशीनवर काम करता म्हणजे रोजचा प्रत्येक वीस रुपया कुठेतरी नोंदला जातोय हे तुम्हाला ठाऊकच आहे, तेच मोठं करून बघा. या पुस्तकाला २०२० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी नम्रपणे नाकारला. समाजाने आपल्याला आधीच भरपूर दिलंय, असं त्यांचं म्हणणं. २०२२ साली गेले. वाचायला सोपे नाहीत, हे आधीच सांगतो. अर्ध्यात कंटाळा आला तर मला शिव्या देऊ नका.

भाऊसाहेब (निवृत्त)

मावशींच्या खानावळीच्या मुद्द्याला अनुमोदन. आता ‘गावगाडा’ परत चाळताना बघतो, सगळ्या हक्कदारांच्या यादीत कुणब्याच्या बायकोचा वाटा कुठे लिहिलाय का.

पिग्मीताई (इचलकरंजी)

भाऊसाहेब, सापडला तर पान नंबर टाका. मला वाटतं सापडायचा नाही, पण बघा.

मावशी, ‘स्मृतिचित्रे’ घरात आहे, सासूबाईंची प्रत. त्यांनी समासात पेन्सिलीने कुठे कुठे रेघा मारल्यात. मी इतके दिवस समजत होते की त्या विनोदाच्या जागा असतील. काल उघडून बघितल्या तर बहुतेक रेघा टिळक कुणाला तरी काहीतरी देऊन आले त्या ओळींपाशी आहेत! सासरे आमचे असेच होते, पगार घरी येईपर्यंत निम्मा. सासूबाई तोंडाने कधी बोलल्या नाहीत.

अभि, पिग्मी मशीनचं म्हणाल तर माझा अनुभव जरा उलटा आहे. पूर्वी कार्डावर हाताने लिहायचो तेव्हा एजंटने पैसे खाल्ल्याची भानगड वर्षाला एक तरी निघायची. आता खातेदाराच्या मोबाइलवर लगेच मेसेज जातो. कोथिंबीरवालीला वाचता येत नाही, ती मेसेजचा आवाज ऐकते आणि मगच मान हलवते. तिला ती नजर हवी आहे. नवऱ्याला मात्र तो मेसेज जाऊ नये म्हणून मोबाइल नंबर बहिणीचा दिलाय. ‘उद्या’मध्ये अशी कोथिंबीरवाली आहे का? असेल तर लगेच घेते. नसेल तरी घेते, पण आधी ‘अंताजी’.

आणि अजून कुणी काही सुचवणार असाल तर गिरणी, गोदी, हॉटेल, ट्रकवाले यांच्यावरचं सांगा. शेतीवरची यादी आता पुष्कळ झाली, आणि आमच्या गावात शेतापेक्षा माग जास्त आहेत. यंत्रमागावरचं कुणाला काही माहीत आहे का? कांड्या भरणाऱ्या बाईचं, दोन पाळ्या मारणाऱ्या कामगाराचं, सायझिंगवाल्याचं? कविता चालेल, आत्मचरित्र चालेल.

बाजारबुणगा

पत्ता नाही पाठवणार. पण नारायण सुर्वे सांगतो. ‘माझे विद्यापीठ’, १९६६. गिरणगावातला माणूस, कविता आहेत, मिलिंदरावांनाही चालतील. बहुतेक कवितांत भाकरी आहे, तुम्हाला चालेल. पिग्मीबद्दल पुढच्या महिन्यात बोलू.